प्रोपेलर स्टेनलेस स्टीलचे का नसतात?

स्टेनलेस स्टील जास्त मजबूत असूनही मोठ्या जहाजांचे प्रोपेलर पिवळसर का दिसतात, असा प्रश्न पडतो. तो रंग निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझचा: सुमारे ८० टक्के तांबं, ९-१० टक्के ॲल्युमिनियम, निकेल आणि लोखंड प्रत्येकी ४-५ टक्के, शिवाय थोडं मँगनीज. खाऱ्या पाण्यात हा धातू उत्तम टिकतो, पातं चिरलं तर वेल्डिंगने दुरुस्तही होतं. स्टेनलेसला साचलेल्या पाण्यात, चिकटलेल्या शिंपल्यांखाली खड्डे पडतात. होडीच्या मागे बाहेरून लावतात त्या लहान आउटबोर्ड मोटरला ते चालतं, कारण ती वापरानंतर पाण्याबाहेर उचलता येते.

प्रोपेलरच्या दुसऱ्या एका धातूला 'मँगनीज ब्राँझ' म्हणतात, ते खरं तर जस्त भरपूर असलेलं पितळच. समुद्राचं पाणी त्यातलं जस्त काढून नेतं आणि मागे गुलाबी, ठिसूळ तांबं उरतं.

पण मजबुतीपेक्षा कॅव्हिटेशनकडे, म्हणजे पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन कोसळण्याकडे बघा. पात्याच्या जहाजाकडच्या बाजूला दाब कमी होतो, आणि रेट्याचा मोठा वाटा या ओढीतूनच येतो. दाब फार उतरला की थंड पाण्यातही वाफेचे बुडबुडे होतात. पुढे दाब वाढताच ते कोसळतात आणि धातूचे कण उडवतात. पात्याच्या टोकाजवळ स्पंजासारखा खडबडीत पट्टा दिसला, तर आधी पाणी कापणारी पुढची धार तपासा. तिथे खाच किंवा वाक असेल, तर नुसते खड्डे भरून उपयोग नाही, ते पुन्हा पडणारच. धार मूळ आकाराला आणा, मगच वेल्डिंग. आणि जस्ताच्या ॲनोडवर, म्हणजे बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणाऱ्या जस्ताच्या तुकड्यावर, चुकूनही रंग लावू नका. रंगवलेला ॲनोड काम करत नाही.