मदत हवी आहे: बी४५० मदरबोर्डवर ५९५०एक्स प्रोसेसर चोवीस तास चालेल का?

घरच्या डेस्कटॉपवर बॉइंक चालवतो, म्हणजे संगणकाची ताकद वैज्ञानिक संशोधनाच्या गणितांना देणारं सॉफ्टवेअर. त्यातले दोन प्रकल्प: ग्राफिक्स कार्डवर आइन्स्टाइन अ‍ॅट होम (पल्सार ताऱ्यांचा शोध), प्रोसेसरवर रोझेटा (प्रथिनांची रचना). सध्या रायझन ५ ३६००, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० आणि ६५० वॅटचा पॉवर सप्लाय आहे. गेमिंग अजिबात नाही, ओव्हरक्लॉकिंगही नाही.

आता रायझन ९ ५९५०एक्स टाकायचा विचार आहे. बोर्ड साधा बी४५०, व्हीआरएमवर (बोर्डवरच्या, प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) हीटसिंक नावापुरता. बायोस अपडेट केलाय, कंपनीच्या यादीत हा प्रोसेसर आहे. पण यादीत असणं वेगळं आणि ३२ थ्रेड रात्रंदिवस पूर्ण लोडवर चालवणं वेगळं. रॅम वाढवावीच लागेल, रोझेटा ती भसाभस खातं.

खरी अडचण नाशिकचा एप्रिल-मे. पारा चाळिशीला टेकतो, खोलीत एसी नाही, बसवणारही नाही. कार्डची पॉवर लिमिट १७० वरून १२० वॅटवर आणली, त्याचा चांगला फायदा झाला. कॅबिनेटचं झाकण काढून पाहिलं. धूळच जास्त आली. बिलाचाही प्रश्न आहेच: सलग ३०० वॅट म्हणजे महिन्याला २१६ युनिट. लाइट गेली तर हरकत नाही, चेकपॉइंटपासून, म्हणजे शेवटी जतन झालेल्या टप्प्यापासून, काम पुढे सुरू होतं.

बोर्ड बदलायचा नाही, त्यामुळे एएम५ (नवा सॉकेट, त्याला नवा बोर्ड लागतो) सुचवू नका.

साध्या बी४५० वर ५९५०एक्स कोणी इको मोडमध्ये, म्हणजे ६५ वॅटवर, उन्हाळाभर चालवलाय का? व्हीआरएमचं तापमान किती राहिलं? की १२ कोरचा ५९००एक्स घेणंच शहाणपणाचं?