पोग्रोम, दंगल की शिरकाण?

प्रश्न: माउरित्सी मिंकोव्स्की या पोलिश ज्यू चित्रकाराच्या एका चित्रावर टिपण लिहितेय. चित्राचं नाव ‘पोग्रोमनंतर’. पोग्रोम म्हणजे ज्यूंवर जमावाने केलेला हल्ला. त्याला ‘दंगल’ म्हटलं तर चालेल ना?

– नको. दंगल म्हटली की दगड दोन्हीकडून आले असं वाटतं. १९०३ साली रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्ह शहरात जमाव ज्यू वस्तीत घुसला, घरं-दुकानं फोडली, ४९ जण मारले. त्याला दंगल कसं म्हणणार? रशियनमध्ये ‘ग्रोमित’ म्हणजे मोडतोड करणं, उद्ध्वस्त करणं. ‘ग्रोम’ म्हणजे गडगडाट, मूळ एकच.

– मग सरळ ‘शिरकाण’ लिहा. वर्तमानपत्रांत रुळलेला शब्द आहे.

– अहो, शिरकाण म्हणजे नुसती माणसं मारणं. त्यात लुटालूट, जाळपोळ कुठे येते? आणि चित्र एकदा बघा तरी. रक्ताचा थेंब नाही, हल्लेखोर नाही. थकलेल्या बायका, मुलं आणि गाठोडी, बस्स. मिंकोव्स्की लहानपणापासून बहिरा होता. १९०५-०६ च्या हिंसाचारानंतर हे लोक त्याने जवळून पाहिले. कत्तल झाली ती चौकटीबाहेर. आत उरलीय ती वाताहत, आणि मला तरी हाच शब्द नेमका वाटतो. वाऱ्यावर गेलेली माणसं.

– पण सगळेच चित्रकार ‘नंतर’चं काढत नाहीत. मार्क शागाल या ज्यू चित्रकाराचं १९३८ चं ‘व्हाइट क्रुसिफिक्शन’ घ्या. सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, अजून जळतंय, घरं उलटीपालटी, लोक होडीत. क्रुसावरच्या येशूच्या कमरेला ज्यूंची प्रार्थनेची शाल. खाली एका म्हाताऱ्याच्या गळ्यात पांढरी कोरी पाटी आहे. आधी तिच्यावर जर्मनमध्ये ‘मी ज्यू आहे’ असं लिहिलं होतं, ते शागालनेच नंतर रंगवून टाकलं. इथे ‘वाताहत’ अपुरा पडतो.

– जर्मनांचंही नावावरून अडलंच की. नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी ज्यूंची घरं, दुकानं, सिनेगॉग फोडली, त्या रात्रीला ‘क्रिस्टलनाख्ट’, म्हणजे काचांची रात्र, म्हणायचे. पण त्या नावात नुसत्या काचा फुटतात, म्हणून आता तिकडे बरेच जण ‘नोव्हेंबर पोग्रोम’ म्हणतात.

प्रश्नकर्ती: म्हणजे नावात पोग्रोम तसाच ठेवते, वर्णनात वाताहत. आता एकच. ‘पोग्रोमनंतर’ की ‘पोग्रोमानंतर’? बाजारानंतर म्हणतोच ना आपण.

– बाजार घरचा झाला, म्हणून त्याचं सामान्यरूप होतं. हा अजून परका आहे. ‘पोग्रोमनंतर’च ठेवा.