मदत हवी आहे : एक फुटाखालचा मासा सोडायचा नियम केला, तरी मासे लहानच

खारेपाटातला : गावच्या तळ्यावर पास देतो. गरवायला येणाऱ्यांनी एक फुटाखालचा मासा परत सोडायचा. दोन वर्षं झाली, तरी गळाला लागतात ते वीतभर. रविवारी मीटिंग आहे. दीड फूट करू की नियमच काढू? लवकर सांगा.

गरीवाला : मासा कुठला?

खारेपाटातला : तळ्यातला, आणखी कुठला! रोहू-कटला. बीज दरवर्षी सोडतो.

वाशिष्ठीकाठ : सरकारने 2023 मध्ये 54 जातींची किमान लांबी ठरवून दिलीय. पापलेट 135 मिमी, सुरमई 370. तीच लावा.

गरीवाला : तळ्यात सुरमई? ती यादी समुद्राची हो.

जुना_मास्तर : माशाने निदान एकदा अंडी घालावीत म्हणून खालची मर्यादा लावतात. रोहू-कटला साठलेल्या पाण्यात अंडी घालतच नाहीत. तुमचा नियम फक्त वाढीपुरता. खाणं कमी आणि तोंडं जास्त असतील, तर लहान सोडून गर्दीच वाढते. वीतभर लागतो तो रोहूच का?

खारेपाटातला : छे, ती चिलापी. आपोआप आली. तीही सोडायला लावतो, नियम सगळ्यांना सारखा.

जुना_मास्तर : घ्या! चिलापी वीतभर व्हायच्या आतच अंड्यावर येते. तुम्ही तिलाच राखताय. लागेल तेवढी काढू द्या, फूटभराची अट रोहू-कटल्यालाच ठेवा. आणि लागलेला प्रत्येक मासा, सोडलेलासुद्धा, मोजून वहीत लिहा. शेपटीच्या टोकापर्यंत की खाचेपर्यंत, तेही ठरवा. त्याशिवाय फूट बरोबर की दीड फूट, कसं कळणार?

गरीवाला : गळ गिळलेला मासा ओढून सोडवला तर मरतो. तिथे दोरी कापायला सांगा. नाहीतर वहीत 'सोडला' आणि सकाळी काठाला उलटा.

पेणचा_खवय्या : कशाला वह्या? खाडीतला जिताडा सोडा, मासे खाणारा मासा तो, चिलापी फस्त! शिवाय आमटी.

जुना_मास्तर : रोहूचं बीजही फस्त. आणि जिताड्याला नुसती खालची मर्यादा पुरत नाही. तो आधी नर, मोठा झाला की मादी, म्हणून मोठेही राखावे लागतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये 58 सेंमीच्या आतला आणि 120 च्या वरचा, दोन्ही सोडावे लागतात.

पेणचा_खवय्या : 120 चा जिताडा सोडायचा? वेड लागलंय का!

जुना_मास्तर : तिथल्या नद्यांचं सांगतोय. तुमच्या तळ्यात तो अंडी घालणारच नाही, त्याला खाडीचं तोंड लागतं.

खारेपाटातला : बरं, चिलापी काढायचं मीटिंगमध्ये मांडतो. जिताड्याचं बीज कुठे मिळेल?

गरीवाला : धागा वाचलात का?