‘अवस्था’, ‘टप्पा’ की ‘पायरी’?

नौपाडेकर: एका बालवाडीच्या पालकसभेसाठी चार पानी टिपण करतेय. माणूस कसा वाढत जातो ते सांगणारे तीन मानसशास्त्रज्ञ त्यात आहेत: पियाजे, एरिक्सन, कोहलबर्ग. इंग्रजीत तिघांनाही एकच शब्द, स्टेज. मी सरसकट ‘अवस्था’ लिहिलं आणि मसुदा आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, “एवढ्याशा पोरांची काय गं ही अवस्था!” बोलीत अवस्था म्हणजे दुर्दशाच. सगळीकडे ‘टप्पा’ करू का?

खोपटचे आजोबा: सगळीकडे एकच शब्द नको, ताई. तिघांच्या मनातली स्टेज एक नाही.

पियाजेला ‘अवस्था’च राहू द्या. माणूस मुळात प्राणिशास्त्राचा, 1918 ची डॉक्टरेट शंख-गोगलगायींच्या कुळावरची. शाळेच्या पुस्तकात फुलपाखराच्या अंडी, अळी, कोष या अवस्था असतात ना, तोच अर्थ. अळी म्हणजे छोटं फुलपाखरू नव्हे. गेल्या रविवारी नातवासमोर कोकम सरबताचे दोन पेले ठेवले. “सारखे,” म्हणाला. त्याच्या डोळ्यांदेखत एक पेला उंच, निमुळत्या ग्लासात ओतला. लगेच, “मला ह्यातलं, ह्यात जास्त आहे.” परत पेल्यात ओतलं, “आता सारखं.” पुन्हा ग्लासात, पुन्हा जास्त! वय साडेचार. सातच्या आसपास हे सुटतं. त्याआधी समजावून फारसं हाती लागत नाही, असं पियाजेचं म्हणणं. (सून म्हणाली, आधी सरबत पिऊ द्या त्याला.)

एरिक्सनला मात्र ‘टप्पा’ चपखल, अगदी एसटीचा, सहा किलोमीटरचा. बाळाचा जगावर विश्वास बसो न बसो, गाडी पुढे निघतेच. जे सुटलं नाही, ते सामान म्हणून बरोबर येतं. असे आठ टप्पे, शेवटचा म्हातारपणाचा. माझी गाडी सध्या तिथेच उभी आहे.

आणि प्रत्येक टप्प्यावरच्या ओढाताणीला एरिक्सन ‘क्रायसिस’ म्हणतो, त्याला ‘संकट’ लिहू नका, ‘पेच’ लिहा. चौदा वर्षांची मुलगी ‘मी नेमकी कोण’ म्हणून घुम्यासारखी बसली तर ते संकट नव्हे.

ऐरोलीकर: मग कोहलबर्ग म्हणजे ‘पायरी’. नीतिविचाराच्या सहा पायऱ्या, क्रमानंच चढायच्या, मधली गाळायची नाही. ‘मार बसेल म्हणून चोरी करायची नाही’ ही पहिली. ‘कायदा आहे म्हणून’ ही चौथी. सहावीवर माणसं सापडेनात, तेव्हा त्यानं ती गुणांकनातूनच काढली.

नौपाडेकर: पण ‘पायरी’ला वास आहे हो. ‘आपल्या पायरीनं राहा’, ‘पायरी दाखवली’. एक उच्च, एक नीच.

ऐरोलीकर: म्हणून तर तोच शब्द हवा! 1982 साली मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. कोहलबर्गच्या मूळ अभ्यासातले 72 जण सगळे मुलगे. नात्यांचा, काळजीचा विचार करणारी बाई या मोजपट्टीवर तिसऱ्या पायरीशी अडकलेली दिसते. ‘अवस्था’ लिहिलं असतं तर हे भांडण वाचकाला कळलंच नसतं.

वाशीहून: आपले चार आश्रम यात कुठे बसतात?

खोपटचे आजोबा: नाही बसत. त्या वयात काय करावं ते आश्रम सांगतात. काय होतं, ते ही मंडळी सांगतात. एरिक्सनच्या शेजारी मांडायचा मोह होतो खरा, पण टिपणात नको.

नौपाडेकर: बरं, तीन शब्द तीन ठिकाणी. आईला पुन्हा वाचून दाखवलं. ‘अवस्था’ या वेळी मुकाट ऐकून घेतली, फुलपाखरामुळे. ‘पेच’पाशी थांबवलंन. “पतंगाचा?”

हो म्हटलं. विश्वास आणि अविश्वास, दोन मांजे एकमेकांत अडकलेले. फक्त एरिक्सनच्या पेचात एक पतंग पार कापायचा नसतो. थोडा अविश्वास बाळाजवळ राहावाच लागतो, नाहीतर ते कुणाच्याही कडेवर जाईल. हे वाक्य आता टिपणात घालतेय.