परदेशात हल्ला झाला आणि आपलं माणूस तिथे आहे: काय करावं?

सावली: बातमी आली की हात थरथरतात. फोन लागत नाही, टीव्ही बंद करवत नाही. अशा वेळी नेमकं काय करायचं?

मिहीर_क: सतत फोन लावू नका. २२ मार्च २०१६ ला बेल्जियममधल्या ब्रसेल्सचा विमानतळ आणि मालबेक मेट्रोत स्फोट झाले, तेव्हा मोबाइल नेटवर्क इतकं तुंबलं की कॉल टाळा, मेसेज करा, असं तिथल्या सरकारनेच सांगितलं. "ठीक असशील तर फक्त 'ठीक' लिही" एवढा एसएमएस पुरे. घरातल्या एकानेच संपर्क ठेवावा. दहा काका-मावश्यांनी फोन केले तर तिकडची बॅटरी संपते. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक दिसली तर घाबरू नका, बहुतेकदा तिकडे इंटरनेट नसतं, एवढंच. तासाभरात काही कळलं नाही तर भारतीय दूतावासाला कळवा: पासपोर्टवरचं नाव, पासपोर्ट नंबर, शेवटचा ठावठिकाणा.

शुभदा: मिहीरशी सहमत. टीव्हीबद्दल मात्र मी ठाम आहे. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटांनंतरच्या अभ्यासात रोज सहा तासांहून जास्त बातम्या पाहणाऱ्यांना घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त तीव्र ताण जाणवला. दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं, शक्यतो वाचूनच बातमी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या मशिदींवरच्या हल्ल्याची (१५ मार्च २०१९, ५१ बळी) चित्रफीत फेसबुकने पहिल्या २४ तासांत १५ लाख वेळा काढली, तरी ती फिरतच राहिली. अशी चित्रफीत आली तर न उघडता डिलीट करा, पुढे पाठवू नका.

सावली: ऑटो-डाउनलोड बंद केलं. आई-बाबांच्या फोनवरही करते.