मुंबईत सायकल चालवता? रस्त्यावरचे अनुभव इथे लिहा

भांडुप_पश्चिम

गेल्या मंगळवारी पहाटे पावणेसहाला आमच्या पाववाल्या चाचांना एलबीएस (लाल बहादूर शास्त्री) रोडवर टेम्पोने धडक दिली. टेम्पो उजवीकडून इतका चिकटून गेला की त्याचा आरसा चाचांच्या खांद्याला लागला आणि ते सायकलसकट फुटपाथच्या दगडावर पडले. टेम्पो थांबला नाही. मी दूध आणायला खाली उतरले होते, आवाज ऐकून धावले, तर पावाच्या लाद्या सगळ्या रस्त्यावर पसरलेल्या आणि चाचा उजव्या हाताने त्या गोळा करत होते, डावं मनगट पार वाकडं झालेलं. मी म्हटलं चाचा राहू दे, आधी बसा, तर म्हणाले बेटा, गिनके देना पडता है बेकरी में.

तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये. मी स्वतः सहा वर्षं भांडुप ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) सायकलने ऑफिसला जाते, हेल्मेट, लाइट, आरसा सगळं आहे माझ्याकडे. चाचांकडे यातलं काही नाही आणि ते माझ्या दुप्पट वेळ रस्त्यावर असतात. मला वॉर्ड ऑफिसला आणि ट्रॅफिकवाल्यांना एक अर्ज द्यायचाय, पण नुसतं "सायकल ट्रॅक द्या" असं मोघम नको. कुठे, कधी, नेमकं काय झालं ते लिहा. छोटं असलं तरी लिहा, पडला नसाल, थोडक्यात वाचला असाल तरीही.

चेंबूर_नाका

माझा अनुभव उघडणाऱ्या दाराचा. दोन वर्षांपूर्वी, संध्याकाळी सातची वेळ, डावीकडे पार्क केलेल्या गाड्यांची रांग आणि मी तिच्या कडेकडेने, स्पीड पंधरा-सोळा असेल. एका गाडीत ड्रायव्हर बसून होता, फोन संपला आणि न बघता त्याने दार उघडलं. दाराची कड हँडलच्या टोकाला लागली आणि मी उजवीकडे, म्हणजे चालत्या ट्रॅफिकमध्ये पडलो. मागून बस येत होती, ड्रायव्हरने जोरात ब्रेक मारला म्हणून आज हे टाइप करतोय. कॉलरबोनमध्ये प्लेट आहे, चार महिने घरी होतो.

तेव्हापासून दोन गोष्टी करतो. उभ्या गाड्यांपासून एका दाराची रुंदी सोडूनच चालवतो, मागचे कितीही हॉर्न वाजवू देत. आणि घरच्या सगळ्यांना, रिक्षा-टॅक्सीत बसलो की ड्रायव्हरलाही सांगतो की दार लांबच्या हाताने उघडा. म्हणजे उजवीकडे बसलेल्याने डाव्या हाताने. हात आडवा गेला की खांदा आपोआप वळतो, मान वळते आणि मागून येणारा दिसतो. नेदरलँड्समध्ये लोकांना ही सवयच असते म्हणतात. आपल्याकडे लायसन्सच्या वेळी हे शिकवायला काय हरकत आहे? पैसाही लागत नाही त्याला.

मावळचा_पोरगा

माझे वडील डबेवाले, अंधेरीला २६ वर्षं सायकलवर. आमचं गाव मावळात. लोक सायकल म्हटलं की गिअरवाली डोळ्यापुढे आणतात, वडिलांची सायकल म्हणजे काळी जड लोखंडी, हँडलला दोन्ही बाजूंनी पिशव्या आणि मागे कॅरियरवर डबे, सगळे मिळून तीस-पस्तीस. भरलेली सायकल लगेच थांबत नाही हो, ब्रेक दाबला तरी वजन पुढे ढकलतंच, आणि पावसात तर रिम ओली झाली की रबर नुसतं घासतं, पकडत नाही. रिक्षावाला समोर अचानक पॅसेंजरसाठी थांबला की वडिलांना दोनच रस्ते, रिक्षाला जाऊन आदळायचं नाहीतर उजवीकडे गाड्यांच्या अंगावर घ्यायची.

एकदा ते मेट्रोच्या बॅरिकेडजवळ पडले, रस्ता निम्मा झालेला आणि उरलेल्यात पेव्हर ब्लॉक खचलेले. गुडघा फुटला होता. डबे सोबतच्या माणसाने पोचवले, एकही डबा चुकला नाही, ते पहिलं सांगितलं घरी आल्यावर. गुडघ्याचं आईला दुसऱ्या दिवशी कळलं. आता चढताना दुखतो त्यांना.

गोरेगावकर_आई

मी फक्त सांगते की माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, सायकल उत्तम चालवते आणि अजून एकदाही सोसायटीच्या गेटबाहेर गेलेली नाही. पार्किंगमध्ये बी विंग ते डी विंग, डी विंग ते बी विंग. शाळा दीड किलोमीटरवर आहे. मी तिच्या वयाची असताना याच गोरेगावात एकटी सायकलने क्लासला जायचे.

आणि अजून एक, बायकांनी लिहायला हवं म्हणून लिहिते. मी स्वतः सकाळी एसव्ही रोडने जायचे, बाइकवरचे मागून येऊन पाठीवर थाप मारून पुढे जातात. एका महिन्यात तीनदा झालं. दचकून हँडल हललं आणि मागे ट्रक असता तर? ही छेडछाड आहेच पण जीव घेणारी पण आहे. मी सोडलं ते. मला सोडायचं नव्हतं.

निवृत्त_चालक

मी ३१ वर्षं बस चालवली मुंबईत, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो, रागवू नका. ड्रायव्हरच्या सीटवरून पुढच्या डाव्या कोपऱ्याखालची जागा दिसत नाही. सायकल तिथे आली की माझ्या दृष्टीने ती नाहीच. सिग्नलला बस उभी असते, फुटपाथ आणि बसच्या मध्ये दोन-अडीच फूट मोकळी जागा दिसते, सायकलवाला त्यात शिरतो, त्याचीही चूक म्हणता येत नाही कारण त्याला दुसरी जागाच नसते. पण सिग्नल सुटला आणि बस डावीकडे वळली की पुढची चाकं बाहेरून फिरतात आणि मागची आतून कापत येतात, ती अडीच फूट जागा संपते. डंपर, ट्रेलर, सगळ्या लांब गाड्यांचं असंच.

१९९८ चा पावसाळा होता, दादरला वळताना एक दूधवाला असाच आत आला. कंडक्टरने जिवाच्या आकांताने बेल मारली, मी ब्रेक दाबला. उतरून बघितलं तर मागचं चाक आणि त्याचा पाय यात वीतभर अंतर, आणि पाण्यात सगळं दूध पांढरं पसरलेलं. तो काही बोलला नाही, मीही नाही. हात कापत होते माझे, पाच मिनिटं बस हलवता आली नाही.

तेव्हा मुलांनो, मोठ्या गाडीच्या मागे थांबा, नाहीतर चांगलं पुढे जाऊन मधोमध थांबा. तिच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत असेल तरच तुम्ही त्याला दिसताय.

रोजचा_रस्ता

काका, हे प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगायला हवं. पण मुळात ती अडीच फूट जागाच सायकलची का ठरते ते बोलूया. आपल्या शहराने सायकलसाठी केलं काय? बीकेसीमध्ये २०११ च्या सुमारास १३ किलोमीटरचा ट्रॅक झाला. मी स्वतः तो बघितलाय, त्यावर बाइक उभ्या, खाण्याच्या गाड्या, मध्येच झाड, मध्येच खांब, आणि बीकेसीत ट्रॅकपर्यंत पोचायला सुरक्षित रस्ता कुठूनच नाही, ना कुर्ल्याहून ना बांद्र्याहून. मग म्हणायचं कोणी वापरत नाही. २०२५ मध्ये गाड्यांना जादा लेन मिळावी म्हणून तो काढून टाकायचं ठरलं. शहराला पाणी आणणाऱ्या तानसाच्या पाईपलाईनच्या दोन्ही बाजू कोर्टाच्या आदेशाने मोकळ्या केल्या, तिथे मुलुंडपासून खाली ३९ किलोमीटरचा ट्रॅक होणार होता. तो झाला असता तर भांडुप ताई, तुमच्या चाचांना एलबीएसवर यायची गरजच पडली नसती.

आणि नवीन रस्ते बघा. सी लिंकवर सायकल बंद, फ्रीवेवर बंद, कोस्टल रोडच्या गाड्यांच्या लेनवर बंद, अटल सेतूवर बंद. ठीक आहे, तिथे स्पीड जास्त, मी पण सायकल घालणार नाही. पण मग जुन्या रस्त्यावर जागा द्या ना. मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी संडे स्ट्रीट्स सुरू केले, म्हणजे रविवारी सकाळी काही रस्ते गाड्यांना बंद, तेव्हा मी पोरांना घेऊन गेलो होतो, फार छान वाटलं, पोरं रस्त्यावर लोळत होती अक्षरशः. पण डबेवाल्याला रविवारी सुट्टी असते. त्याला सोमवारचा रस्ता पाहिजे.

पवई_विहार

सगळं पटलं, पण ट्रॅक कुठेही चालेल असं नको. आमच्या तलावाच्या कडेने ट्रॅक बांधत होते, पाण्यात दगडांच्या जाळ्या टाकून. त्या तलावात मगरी आहेत, काठावर येऊन ऊन खातात, पक्षी आहेत. आयआयटीतल्या विद्यार्थ्यांनी कोर्टात याचिका केली आणि ६ मे २०२२ ला हायकोर्टाने काम बेकायदा ठरवून जागा पूर्वीसारखी करायला सांगितली. तेव्हा मला सायकलवाल्या मित्रांनी खूप ऐकवलं. पण मी पण सायकलवालाच आहे. तलावाभोवती गोल फिरायला ट्रॅक, तो फिरायचा ट्रॅक झाला. पवईहून कांजूरमार्ग स्टेशनला रोज हजारो लोक जातात, तिथे जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) एक वेगळी पट्टी द्या, कडेला ठोकळे लावून. रंग मारलेली पट्टी नको, रंगावर दुसऱ्या दिवशी रिक्षा उभ्या राहतात.

रोजचा_रस्ता

हे मान्य. माझं मत बदललं यात.

नेरूळ_पहाटे

वाशीच्या पुलापलीकडचा, नवी मुंबईचा आहे, तरी लिहितो कारण निम्मे मुंबईचे सायकलवाले पहाटे इकडेच असतात. २८ फेब्रुवारी २०२४ ला पाम बीच रोडवर इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी यांना मागून कॅबने धडक दिली, ६८ वर्षांचे होते, चेंबूरहून सायकलवर आलेले, बाकीचे सोबती बरोबर होते. सायकल कॅबच्या पुढच्या चाकाखाली अडकली होती. आम्ही त्याच रस्त्यावर त्याच वेळेला असायचो. त्यांना ओळखत नव्हतो, पण त्या सकाळनंतर आमचा ग्रुप तीन आठवडे बाहेरच पडला नाही. आता दिवसा पण मागचा लाल लाइट चालू ठेवतो आणि एकटं कोणी जात नाही.

पण रिकामा सरळ रस्ता म्हणजे सुरक्षित हा समज काढून टाका. गर्दीत गाडी वीसने येते, पहाटे तीच ऐंशीने येते. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, आणि ऐंशी म्हणजे चाळीसच्याही दुप्पट.

दहिसर_गुंदवली

एक चांगला अनुभव पण असू दे. मेट्रो २ए आणि ७ मध्ये सायकल घेऊन चढता येतं. मी दहिसरला लिफ्टने वर, गुंदवलीला खाली आणि पुढचे तीन किलोमीटर सायकल. हायवेवरचं टेन्शन गेलं. फक्त गुंदवलीला खाली उतरल्यावर सर्व्हिस रोडवर उलटे येणारे बाइकवाले, तेवढं कोणी बघा.

सायन_सर्कल

जाळ्या! गटाराच्या जाळ्यांच्या पट्ट्या रस्त्याला समांतर बसवलेल्या असतात, त्यात २५ मिलिमीटर रुंदीचा बारीक टायर सरळ आत जातो. आडव्या बसवा, एवढंच. सिमेंटच्या रस्त्यात दोन पट्ट्यांच्या मधली फट पण तशीच, ती कधीच समांतर ओलांडू नका, तिरकं जा.

क्लेमचं_काम

मी अपघात भरपाईच्या केसेसचं काम करते, म्हणून चाचांसाठी मुद्दाम लिहिते. ताई, टेम्पोचा नंबर मिळाला नसला तरी सोडू नका. गाडी सापडली नाही तर हिट अँड रनच्या योजनेत भरपाई मिळते, १ एप्रिल २०२२ पासून गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाला तर वारसांना २ लाख. हाड मोडलं म्हणजे कायद्याने गंभीर दुखापतच, मनगट पण त्यात आलं. पोलीस स्टेशनला एफआयआर करा, हॉस्पिटलच्या कागदावर रस्ता अपघात असं लिहिलंय का बघा, तिथे "पडले" एवढंच लिहिलेलं असलं की पुढे फार त्रास होतो. अर्ज तहसील किंवा प्रांत कार्यालयात जातो. आणि टेम्पो सापडला तर मग त्याच्या इन्शुरन्सकडून ट्रिब्युनलमधून, म्हणजे अपघात भरपाईच्या कोर्टातून क्लेम, थर्ड पार्टी इन्शुरन्स प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. शेजारच्या दुकानांचे कॅमेरे आजच बघा, बरेच जण काही दिवसांनी रेकॉर्डिंग पुसतात.

आणि सगळ्यांसाठी, जखमीला हॉस्पिटलमध्ये नेणाऱ्याला कोणी अडकवून ठेवू शकत नाही, नाव-पत्ता सांगायची पण सक्ती नाही. १०८ ला फोन करा आणि उचला माणसाला.

भांडुप_पश्चिम

क्लेमच्या ताई, खूप आभार. तुमचं वाचून काल संध्याकाळी केमिस्टकडे गेले, त्याच्या कॅमेऱ्यात टेम्पो दिसतोय, नंबरचे शेवटचे दोन आकडे वाचता येतात. क्लिप घेतली पेनड्राइव्हवर. हॉस्पिटलच्या कागदावर "पडल्याने" असंच लिहिलं होतं, आज चाचांना घेऊन जाऊन ते बदलून आणलं, दोन तास बसावं लागलं पण डॉक्टरांनी ऐकलं. उद्या एफआयआर.

चाचांचा हात प्लास्टरमध्ये आहे, सहा आठवडे. पाव सध्या त्यांचा भाचा टाकतोय, एकोणीस वर्षांचा आहे, फार जोरात चालवतो. मी त्याच्या पेटीला मागे लाल आणि बाजूंना पिवळी रिफ्लेक्टर टेप लावली आणि माझा जुना लाइट सीटखाली बांधून दिला. त्याने पहिलं विचारलं, ये चार्ज कितनी देर चलेगा. सांगितलं, रोज रात्री माझ्याकडे देत जा.

शनिवारी सकाळी साडेसहाला मी सोनापूर सिग्नलपासून घाटकोपरपर्यंत एलबीएस मोजत जाणार आहे, कुठे किती फूट जागा उरते, कुठल्या जाळ्या समांतर आहेत, कुठे गाड्या कायम उभ्या असतात, सगळं फोटोसकट. मोजायची टेप आणली आहे. टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी लागेल. निवृत्त काका, तुम्ही आलात तर वळणाच्या जागा तुम्ही दाखवा, सायकल नाही आणली तरी चालेल.

निवृत्त_चालक

येतो. सोनापूरला सव्वासहालाच उभा असेन.