मदत हवी आहे: साडेचार इंची पाइप केसिंगचा की ट्यूबिंगचा?

मेकॅनिकल डिप्लोमा करून महिन्यापूर्वी उरणकडच्या एका पाइप यार्डात लागलो. तेलविहिरींचा माल येतो-जातो. केसिंग विहिरीची भिंत धरतं, ट्यूबिंगमधून तेल वर येतं, एवढं ठाऊक आहे. सात इंची केसिंग आणि २ ७/८ इंची ट्यूबिंग शेजारी ठेवलं तर शेंबडं पोरही ओळखेल.

घोळ साडेचार इंचीत आहे. दोन थप्प्या, दोन्हींवर एपीआय ५सीटी (केसिंग-ट्यूबिंगचं अमेरिकन मानक), व्हर्नियर लावला तर दोन्ही ११४.३ मिमी. एकीवर हिरवा पट्टा एक, दुसरीवर दोन. मी सगळे एकाच रॅकवर लावले आणि अख्ख्या यार्डासमोर साहेबांच्या शिव्या खाल्ल्या. कारण विचारलं तर "वाचून काढ". व्यास एकच, तर एकाच्या जागी दुसरा का चालत नाही?

प्रतिसाद १
पट्टे पोलादाची ग्रेड सांगतात: एक म्हणजे जे-५५, दोन म्हणजे के-५५. यील्ड (ज्या ताणाला पोलाद कायमचं वाकतं) दोन्हींची किमान ५५,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), पण तुटायला जे-५५ ला किमान ७५,००० लागतात, के-५५ ला ९५,०००. के-५५ केसिंगमध्येच येतो. जे-५५ मात्र दोन्हींत, तेव्हा एक पट्टा दिसला की ट्यूबिंग असं धरू नका. टोकं बघा. कॉलर (दोन पाइप जोडणारी आट्यांची बाही) मोजलीत का?

प्रतिसाद २
केसिंग एकदा उतरवून मागे सिमेंट भरलं की ते विहिरीबरोबरच म्हातारं होतं. ट्यूबिंग आत नुसतं टांगलेलं. गंजलं, गळलं की वर्कओव्हरला (विहिरीच्या दुरुस्तीला) बाहेर. म्हणजे त्याचे आटे पुन्हापुन्हा खोलायचे-आवळायचे. आटे पाडले की भिंत बारीक होते, म्हणून ईयूई (एक्स्टर्नल अपसेट एंड) ट्यूबिंगची टोकं आधीच बाहेरून जाड केलेली असतात. केसिंगच्या कॉलरमध्ये ती जाणारच नाहीत.

मुंबई हायला गॅस लिफ्टच्या विहिरी आहेत. तिथे केसिंग-ट्यूबिंगमधल्या पोकळीतून गॅस खाली सोडतात, तो व्हॉल्व्हमधून ट्यूबिंगमध्ये शिरून तेल हलकं करतो. ट्यूबिंगचा मधलाच एखादा जोड गळला तर गॅस भलतीकडेच घुसतो, खालचं तेल तसंच राहतं.

धागाकर्ता
आज मोजली. दोन पट्टेवाल्याची कॉलर १२७ मिमी, एक पट्टेवाल्याची १४१.३, आणि कॉलरच्या मागे हात फिरवला तर फुगवटा लागतो. म्हणजे ते ईयूई ट्यूबिंगच. रॅक वेगळे केले. साहेब म्हणाले, "हेच तर सांगत होतो तुला." सांगितलं नव्हतं.